फाटकापलीकडचं घर

शाळेजवळचं ते घर माझ्या जावेनं शोधलं नसतं, तर मी ते डोळे झाकून घेतलं असतं. हे आज कबूल करते. तेव्हा कुणी तोंडावर म्हटलं असतं तर मी त्याच्याशी वर्षभर बोलले नसते.

आम्ही तेव्हा असोद्याला राहत होतो, सासू-सासऱ्यांजवळ. आमचे हे दीपनगरच्या वीज केंद्रात कंत्राटदाराकडे कामाला, आणि मी जळगावात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये. सकाळी सात ते दुपारी दोन. लोकांचं रक्त काढायचं, बाटल्यांवर नावं लिहायची, रिपोर्ट हातात द्यायचे. बस नाहीतर मोटरसायकल, आमचं दोघांचं बरं चाललं होतं. पण मुलगी पहिलीत जायची झाली आणि घरात दुसरा विषयच उरला नाही. शाळेच्या निमित्तानं जळगावात राहायला जायचं ठरलं. शाळा कोणती, हा प्रश्न नव्हताच. माझ्या जावेची मुलगी ज्या शाळेत शिकून पुण्याला इंजिनिअरिंगला गेली, तीच. फॉर्मसुद्धा जावेनंच आणून दिला होता.

जाऊ माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. दीर आणि ती पाच वर्षांपूर्वी असोदं सोडून जळगावात आले आणि त्यांनी घर घेतलं ते नेमकं शाळेच्या मागच्या कॉलनीत. गॅलरीत उभं राहिलं की शाळेची घंटा ऐकू येते. दवाखाना चार पावलांवर, भाजीवाला दारात, ह्यांच्या कंपनीची बस थांबते तो चौकही तिथून चालत पाच मिनिटांवर. बरं, बाई दिसायला चांगली, बोलायला गोड, हाताला चव. कधी आवाज चढवलेला कुणी ऐकला नाही. अशा माणसाचं करायचं काय, तुम्हीच सांगा. मला तिचा हेवा वाटायचा. वाटायचा कशाला, अजून वाटतो. तिच्याकडून जेवून आले की दोन दिवस मला माझ्या हातची भाजी गोड लागायची नाही.

तर एप्रिलमध्ये तिचा फोन आला, की आमच्याच मागच्या गल्लीत वरचा मजला भाड्यानं मिळतोय, बघून जा. गेलो. दोन खोल्या, छोटं स्वयंपाकघर, वर गच्ची. शाळा चार मिनिटं, मुलगी एकटी चालत जाईल अशी. ह्यांनी तर तिथल्या तिथे मान हलवली. मी मात्र भिंतींना ओल आहे का बघत होते, नळाला पाणी किती वेळ येतं ते विचारत होते, म्हणजे थोडक्यात खोड काढायला काही सापडतंय का ते शोधत होते. नेमकं तेव्हा जाऊ म्हणाली, की दुपारी तुझी ड्यूटी असली तरी पोरगी माझ्याकडे जेवेल, काही काळजी नाही. झालं. माझं ठरलं, की हे घर घ्यायचं नाही. तिच्या मागच्या गल्लीत, तिनं शोधलेल्या घरात, तिच्या घरापेक्षा लहान घरात मी राहायचं, आणि माझ्या पोरीनं तिच्या हातचं जेवायचं? येणारेजाणारे म्हणतील, हिची धाकटी जाऊ ना, ती मागे राहते. नको बाई.

मी बहाणे सांगितले ते वेगळेच. जिना उंच आहे, गच्ची तापते, हवा खेळत नाही. माझं माहेर धुळ्याचं. आईला फोन केला, म्हटलं ती तरी माझी बाजू घेईल. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "शाळा जोडे शे ना, मंग बठ्ठं बरं शे." शाळा जवळ म्हणजे सगळंच बरं, असं तिचंही मत! मी रेंज जातेय म्हणून फोन ठेवला.

मे महिन्यात मला माझं घर सापडलं. रेल्वे फाटकापलीकडे नवी वस्ती झालीय, तिथलं भाड्याचं रो हाऊस. स्वतंत्र दार, पुढे अंगण, वर-खाली मिळून चार खोल्या, आणि हॉल जावेच्या हॉलपेक्षा चांगला दोन हात मोठा. मी मोजला. ह्यांनी विचारलं, शाळेचं काय? मी म्हटलं, चला, आत्ताच जाऊन बघू किती वेळ लागतो. रविवार होता, दुपारचा दीड वाजला होता. तोंडाला पंचा बांधून आम्ही मोटरसायकल काढली आणि नवव्या मिनिटाला शाळेच्या बंद गेटसमोर उभे. परत येताना फाटक लागलं. आमच्याशिवाय तिथे एक टेम्पो होता, बस्स. गाडी गेली, फाटक उघडलं, आम्ही निघालो. पुढच्या रविवारी पुन्हा करून पाहिलं, तरी नऊच मिनिटं. हे हसले आणि म्हणाले, तुझ्या मनात आहे तर घड्याळही तुझंच ऐकणार.

जळगावचा मे, दुपारी दीडची वेळ, शाळांना सुट्टी. त्या वेळी आमच्याकडे रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही, गाडीखाली जाऊन बसतं. अकरा ते पाच सगळं गाव कूलरसमोर पडलेलं. उन्हाचं कौतुक आम्ही पाहुण्यांना सांगत सुटतो, आणि शाळेचा रस्ता मोजायला निघालो तो त्याच उन्हात. बाहेरगावचा माणूस फसला तर समजू शकते. आमचा जन्म गेला ह्या उन्हात.

घरात राहायला गेलो तेव्हा सत्यनारायण घातला. जाऊ सगळ्यांच्या आधी आली, शिऱ्याचं पातेलं तिनंच हातात घेतलं. पाहुणे गेल्यावर मी तिला एकेक खोली दाखवली, मुद्दाम सावकाश. तिनं मनापासून वाखाणली. शेवटी अंगणात उभी राहून एवढंच म्हणाली, की शाळा सुरू झाल्यावर फाटकाचं कसं होईल? मला काय आनंद झाला म्हणून सांगू. मला वाटलं, लागलं हिच्या पोटात दुखायला! त्या रात्री मी छान झोपले.

मग जून उजाडला आणि शाळा सुरू झाल्या. फाटक बंद व्हायचं पाच मिनिटांसाठीच, पण उघडलं की दोन्ही बाजूंच्या रिक्षा, मोटरसायकली, केळीचे ट्रक एकदम समोरासमोर घुसायचे आणि कुणालाच हलता यायचं नाही. तेवढ्यात पुढच्या गाडीची वेळ व्हायची. मी सकाळी सहालाच निघायचे, म्हणून पोरीला रिक्षा लावली होती. रिक्षावाले काका चांगले होते, पण त्यांना अजून दोन शाळांची मुलं घ्यायची असत. सहाला उठवलेली पोरगी साडेबाराला सुटायची आणि घरी पोचायला कधी पावणेदोन, कधी दोन. दार शेजारच्या आजी उघडायच्या. मी यायचे तेव्हा ती हॉलमध्ये, त्या दोन हात मोठ्या हॉलमध्ये, युनिफॉर्मवरच झोपलेली असायची.

एवढं होऊनही मी पोरीला काय शिकवलं? मोठ्या मम्मीला फाटकाचं सांगायचं नाही. मोठी मम्मी म्हणजे माझी जाऊ. असोद्याहून सासूबाईंनी भरताची वांगी पाठवली की पिशवी जावेकडे उतरायची, आम्ही रविवारी आणायला जायचो. जाताना रस्त्यात मी पोरीला पढवायचे, की विचारलं तर सांग, दहा मिनिटांत घरी जाते. सहा वर्षांची पोर, तिनं इमानानं सांगितलंही. जाऊ तिच्याकडे बघून नुसती हसली.

जुलैत एक दिवस जावेचा फोन आला. पोरीला घरी जायला फार उशीर होतो का, जरा दुसरी काही सोय बघता येईल का, असं चाचरत विचारत होती. माझ्यापुढे पेशंटची रांग होती. ती नसती तरी मी तेच बोलले असते. मी म्हटलं, "आमचं आम्ही बघू ना, ताई." ती बरं म्हणाली.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी पोरीला ताप आला. उतरायचा, चढायचा. डॉक्टरांनी लघवी तपासायला सांगितली. तपासणार कोण, आमचीच लॅब. बाटलीवर तिचं नाव मी माझ्या हातानं लिहिलं. रिपोर्टही माझ्याच हातात आला. रोज असे रिपोर्ट मी लोकांना देते आणि वर सांगते, पाणी भरपूर पीत जा. हिच्या रिपोर्टमध्ये इन्फेक्शन चांगलं वाढलेलं होतं. तेव्हा डोक्यात आलं, की महिनाभर हिची पाण्याची बाटली भरलेलीच घरी येत होती आणि मी तिच्यावर रोज ओरडत होते.

औषध देऊन तिला जवळ घेतलं आणि विचारलं, पाणी का पीत नाहीस?

"पाणी प्यायलं की फाटकावर शू लागते," ती म्हणाली.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. एकदा रिक्षातच झाली होती. मुलं हसली. दुसऱ्या दिवशी ती रिक्षात चढेचना, शाळेच्या पायरीवर बसून राहिली. काकांनी मला फोन केला, तो माझ्या ड्रॉवरमध्ये वाजत राहिला. मग त्यांनी दुसऱ्या नंबरवर केला, आणि दुसरा नंबर मी जावेचा दिला होता. ती धावत आली, तिला घरी नेलं, समजावलं, पुन्हा रिक्षात बसवलं. त्याच दिवशी तिनं मला तो फोन केला होता.

"मग मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"तुला राग येतो फाटकाचं बोललं की. मी मोठ्या मम्मीलाही सांगितलं, की मम्मीला नको सांगू."

आणि जावेनं सांगितलं नाही. पोरीला दिलेला शब्द पाळला तिनं. मला त्या क्षणी स्वतःची लाज वाटायला हवी होती. वाटलीही. पण खरं सांगू का, आधी जे वाटलं ते दुसरंच होतं. माझ्या पोटच्या पोरीनं माझ्यापासून लपवायची गोष्ट तिला सांगितली, ह्यानंच माझा जळफळाट झाला.

ताप उतरला तशी मी जावेकडे गेले. मागच्या गल्लीतलं घर अजून रिकामं आहे का, हे विचारायला जीभ उचलत नव्हती. कसंबसं विचारलं. ते जूनमध्येच गेलं होतं, साक्रीहून बदली होऊन आलेलं एक कुटुंब राहायला आलंय. त्यांची मुलंही त्याच शाळेत. जावेनं एक टोमणा मारला असता तर मला बरं वाटलं असतं. तिनं चहा टाकला आणि म्हणाली, की साडेबाराला मी जाऊन तिला घेऊन येत जाईन, तू ड्यूटी संपली की घेऊन जा. मी नाही म्हणायच्या जागेवर नव्हते.

आता तसंच चाललंय. आमच्या भाड्याचं वर्ष संपेपर्यंत तरी तसंच चालणार. पोरगी पाणी पिते, जावेच्या हातचा वरण-भात जेवते, वजनही वाढलंय. सगळं चांगलं आहे आणि मला ते बघवत नाही.

परवा अडीचला गेले तर दोघी पलंगावर झोपलेल्या. पोरीचा एक पाय जावेच्या पोटावर, तोंड तिच्या कुशीत. माझी चाहूल लागून जावेनं डोळे उघडले, पण ती हलली नाही. मी दारातच उभी राहिले आणि माझ्या तोंडून निघालं, "ताई, नेऊ का हिला?"

माझ्याच पोरीला न्यायला मी विचारत होते. आणि जाऊ हळूच म्हणाली, "थांब ना थोडं. आत्ताच डोळा लागलाय तिचा."

मी चप्पल काढली आणि समोरच्या खुर्चीवर बसले.