पातळ पेज

केशोरीत कुणी अंथरूण धरलं की धुरपताबाईंची पेज त्या घरी पोचायची. तांदळाची कणी, मीठ आणि भरपूर पाणी. सून वच्छला चुलीशी बसली की त्या मागून बघायच्या. "आजाऱ्याच्या गळ्यात ढेकूळ कायले टाकतेस? पाण्यावानी जाऊ दे." चाळीस वर्षं लोकांच्या बांधीत, भाताच्या खाचरात, धानाचे परे म्हणजे कोवळी रोपं रोवली होती त्यांनी. कंबर वाकली ती पुन्हा सरळ झालीच नाही.

२००८च्या श्रावणात त्यांना ताप आला आणि माणसं ओळखू येईनाशी झाली. गोंदियाच्या दवाखान्यात त्या चिमटीने चादरीवर काहीतरी खोवत राहायच्या, एका सरळ ओळीत. वच्छलाला सुशिला म्हणायच्या. सुशिला रोवणीची जुनी सोबतीण, मरून दहा वर्षं झालेली.

"हात चालव ना व, सुशिले. परे सुकून राहिले."

पाणी पाजलं की ठसका लागायचा, ओठ निळे पडायचे. घरी सोडताना डॉक्टरने बजावलं, "गिळणं कमजोर झालंय. पातळ काहीच द्यायचं नाही, ते छातीत उतरतं. घट्ट करून, बसवून, अर्धा अर्धा चमचा."

घरी त्या तोंडच उघडेनात. शेवटी वच्छला म्हणाली, "न्याहारी आली बांधीवर. खाऊन घे ना व, धुरपते." सासूचं नाव घेताना तिची जीभ अडली. पण धुरपताबाईंचं तोंड उघडलं. आठ दिवस ती सुशिला होऊन चारत राहिली.

नवव्या सकाळी धुरपताबाईंचे चादरीवरचे हात थांबले.

"वच्छला, भैयाजी शेतात गेला का?"

सासूच्या तोंडी आपलं नि नवऱ्याचं नाव बरोबर ऐकून वच्छलाने वाटी खाली ठेवली. सासूने वाटीत पाहिलं.

"हे काय चारून राहिली मले? भिंत लिपतेस का?"

"डॉक्टरनं सांगितलं, माय."

"त्याच्या मायनं पेज केली होती का कधी? पातळ कर."

डोकं ठिकाणावर आलं म्हणजे गळाही आला, असं वच्छलाला वाटलं. तिने पाणी ओतलं. धुरपताबाई अर्धी वाटी प्यायल्या. एकदाच खोकल्या.

"आता जमली तुले," म्हणाल्या.

संध्याकाळी छाती घरघरू लागली. तिसऱ्या दिवशी त्या गेल्या.

"सुनेच्या हातची पेज पिऊन गेली, सोनं झालं," बायका म्हणाल्या. वच्छलाने मान हलवली.

महिन्याने गावातल्या चैतरामच्या घरून निरोप आला, घरचा म्हातारा आजारी आहे, पेज पाठव. तिने चूल पेटवली, कणी धुतली. मग पाण्याचा गडू हातात धरून ती तशीच उभी राहिली. चूल विझली तरी.