ड्यूकचा खुराक

कुत्र्याला जेवायचं कसं ते शिकवताना मला एकदा दोरखंडाने बांधण्यात आलं होतं.

गोष्ट कर्जतजवळच्या कडावची. मी तिथल्या शाळेत मास्तर होतो. घरात आई, आमच्या सौ. आणि मी. तिघंही शाकाहारी, आणि आई तर अशी की चातुर्मासात कांद्याचं नाव काढायची वेळ आली तर 'ते गोल' म्हणायची! अशा घरात कुत्रं आणण्याचा प्रश्नच नव्हता. पण खुर्शेदबाईंना नाही म्हणण्याचाही प्रश्न नव्हता.

खुर्शेदबाई म्हणजे कर्जतला नदीकाठच्या बंगल्यात एकट्या राहणाऱ्या पारशी बाई. त्यांची मराठी पत्रं मी लिहून देत असे, एवढीच आमची ओळख. पण आदल्या वर्षी सौ. हिवतापाने अंथरुणाला खिळल्या तेव्हा ह्या बाई नऊ दिवस टांग्याने कडावला येत राहिल्या. त्या रस्त्याने टांगा म्हणजे एक एक हाड मोजून घ्यायचं काम! रोज यायच्या, सौ.च्या उशाशी बसायच्या, आणि "गिळ, डीकरी, गिळ! कडू हाय म्हणून तर गुण येल!" असं दरडावून क्विनाईन पाजायच्या. सौ. उठल्या. त्या उठल्या त्या बाईंमुळे, हे मी तेव्हाही म्हणत होतो आणि आजही म्हणतो.

तर भातकापणीच्या सुमारास बाईंना मोतीबिंदू काढायला मुंबईला जायचं ठरलं. त्या एक दिवस टांग्यातून उतरल्या, आणि त्यांच्यामागून झुबकेदार कानांचं एक कुत्रं उतरलं.

"मास्तर, हा ड्यूक. माझा डीकरा हाय तो. दोन महिने संभाळ, पन उपाशी नाय ठेवायचा, हां!" बाईंचे डोळे भरून आले होते. मोतीबिंदूने की मायेने, ते मला कळलं नाही.

सोबत विलायती बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. ड्यूक ती बिस्किटं खायचा, आणि त्यावर बाईंकडे मटणाचं सूप प्यायचा. सूप हा शब्द मी आईला सांगितला. मटण हा मी गिळला.

बिस्किटं आठव्या दिवशी संपली. मुंबईहून मागवायची तर एका डब्याला जी किंमत, तीत आमच्या घरात महिन्याचे तांदूळ येत. तेव्हा मी ठरवलं, की ड्यूकसाठी आपणच एखादा खुराक शोधून काढायचा. चांगला हवा, स्वस्त हवा आणि रोज करायला सोपा हवा. एवढी तीन लक्षणं एका ठिकाणी असलेली गोष्ट मला तोवर जगात आढळली नव्हती, तरी हुरूप होता!

पहिल्या दिवशी वरणभात, वर साजूक तूप. ड्यूकने वास घेतला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं शाळा तपासायला येणारे डिपुटीसाहेब चुकलेल्या गणिताकडे पाहतात. दुसऱ्या दिवशी दूधपोळी. त्याने दूध चाटलं, पोळी तशीच. तिसऱ्या दिवशी सौ.नी शक्कल काढली. दुधात कणीक भिजवून दशम्या केल्या, त्यांचे बिस्किटासारखे चौकोन कापले आणि तव्यावर इतके कडक केले की खाली पडल्यावर खण्ण वाजले.

"हुबेहूब बिस्किट!" मी म्हणालो.

"त्याला सांगा," सौ. म्हणाल्या.

त्याला पटलं नाही. चौथ्या दिवशी तो कोपऱ्यात पडून राहिला. पाचव्या दिवशी शेपटीही हलेना, आणि मग मात्र माझी घाबरगुंडी उडाली. ज्या बाईने माझं माणूस वाचवलं, तिचा डीकरा माझ्या घरी उपाशी मरणार? सौ. गुपचूप डोळे पुसत होत्या. आईसुद्धा म्हणाली, "अरे, काय खातं ते मुकं, ते विचार तरी कुणाला!"

पण मास्तराने विचारायचं म्हणजे काय! मास्तराने शिकवायचं! पोराला कित्ता गिरवून दाखवला की पोरगं गिरवतं, मग कुत्र्याला जेवून दाखवलं की कुत्रं जेवणार नाही?

रविवार होता. आई आणि सौ. विहिरीवर गेलेल्या. मी ओटीवर ड्यूकच्या समोर त्याची ताटली ठेवली, दशम्या दुधात बुडवल्या, धोतराचा काचा मारला आणि चार पायांवर आलो. (तिथे कुणी नाही याची खात्री करून घेतली होती. माझ्या खात्र्या बहुधा अशाच असतात.)

"हे बघ, ड्यूक," म्हटलं, आणि ताटलीत तोंड घातलं.

ड्यूकने एक डोळा उघडला. मला चेव आला! त्याला हेवा वाटावा म्हणून मी थोडा गुरगुरलो. मग ताटली दातात धरून ओढली. मिशांना दुधाचा पांढरा फेस, तोंडात न भिजलेला दशमीचा चौकोन, आणि मी एकदा, फक्त एकदाच, मान झटकून "गुर्रर्र!" केलं, तोच अंगणातून किंकाळी आली.

गोदाबाई! पोलीस पाटलांची बायको. माहेरचं पत्र वाचून घ्यायला आली होती.

"अगं बया! मास्तर पिसाळलं गं!"

पत्र तिथेच टाकून ती पळाली. मी उठून "अहो वहिनी, तसं नाही" म्हणायला गेलो, आणि दशमीचा चौकोन घशात आडवा बसला. आवाज फुटेना. पाच मिनिटांत धोंडू पाटील आणि खळ्यावर मळणी करणारे पंधरा-वीस गडी अंगणात हजर! हातात बैलांना बांधायचे दोर.

"मास्तर, काय झालं वो?" पाटलाने लांबूनच विचारलं.

मला सांगायचं होतं, 'भूक लागावी म्हणून करत होतो.' पण घशातून निघालं ते एवढंच:

"भू... भू..."

"भुकतोय!" अंगण मागे सरकलं.

"गप रं समदी!" पाटील शहाणा माणूस. "पिसाळल्याची खूण म्हंजी पानी. पान्याला भितो का बघू. आणा रं तांब्या!"

तांब्या आला. पाणी मला हवंच होतं, मी झडप घालून तोंडाला लावला! चौकोनाने जागा सोडली नाही, ठसका लागला आणि सगळं पाणी पाटलाच्या तोंडावर उडालं.

"भ्यालं! पान्याला भ्यालं! धरा!"

चौघांनी मला धरलं. पण धरलं कसं, तर "मास्तर, रागावू नगा", "मास्तर, दुकतंय का?" असं म्हणत! माझ्याच शाळेत बाराखडी घोटलेल्या एकाने दोर बांधताना मनगटाखाली स्वतःचं फडकं घातलं. कुणी बैलगाडी जुंपायला पळालं. कर्जतला डाक्टरकडे, नाहीतर तसंच मुंबईला, पोटात सुया टोचायला.

"अन् त्यो डुक्या?" मागून कुणीतरी ओरडलं. "त्योच चावला आसंल! आदी त्येला मारा!"

तीन काठ्या उगारल्या गेल्या. बांधलेल्या हातांनीच मी गड्यांच्या हातून निसटलो आणि काठ्यांपुढे आडवा पडलो. त्या पडण्याने दशमी एकदाची खाली उतरली.

"मारू नका! लेकरू आहे ते! खुर्शेदबाईंचं लेकरू!"

"कुत्र्याला लेकरू म्हनतोय," गोदाबाई हळहळली. "पार गेलं वो डोस्कं!"

तेवढ्यात सौ. आणि आई विहिरीवरून आल्या. आईने हंडा टाकून हंबरडा फोडला. सौ.नी मात्र माझ्या मिशा पाहिल्या, ताटली पाहिली आणि पदर तोंडाला लावला. गडी समजले, रडतायत. मला माहीत होतं, काय चाललंय ते!

"पण कुत्रं कुठाय?" पाटील म्हणाला.

ताटलीजवळ ड्यूक नव्हता. सगळे वळले. भागी ठाकरीण डोंगरातून लाकडाची मोळी विकायला आली होती आणि गर्दी बघून थांबली होती. तिने मोळीशेजारी आपल्या न्याहारीचं गाठोडं ठेवलं होतं. ड्यूकने ते दातांनी सोडलं होतं. नाचणीची भाकर आणि भाजलेलं सुकट. ती बारीक सुकी मासळी तो असा खात होता, जशी आमची आई एकादशीच्या दुसऱ्या दिवशी जेवते.

काठ्या पुन्हा वर गेल्या, तशी भागी मध्ये आली.

"थांबा रं! पिसाळल्यालं कुत्रं भाकर खातं का कंदी? त्ये उपाशी हाय नुसतं." मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "अन् मास्तर बी पिसाळला नाय. मास्तर येडा हाय."

एवढं अचूक निदान करणारा वैद्य मला आजवर दुसरा भेटला नाही!

"खाल्लं! ड्यूकने खाल्लं!" मी बांधलेल्या हातांनी नाचायला लागलो. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पाटलाने आणखी थोडा वेळ दोर सोडला नाही, यात त्याची काही चूक नव्हती.

त्या दिवसापासून भागी रोज मोळीबरोबर ड्यूकची भाकर आणि मूठभर सुकट आणू लागली. बिस्किटापेक्षा बरं, पैशात परवडणारं, आणि आमच्या चुलीला त्रास नाही. भागीला आईने त्या दिवशी आपल्या हाताने पोटभर वाढलं आणि रोजच्या भाकरीपोटी आठवड्याला पायलीभर तांदूळही ठरवून दिले. सुकटाचा डबा गोठ्यामागच्या चिंचेला टांगला. पहिले दोन दिवस आई तिकडून जाताना नाकाला पदर लावायची. तिसऱ्या दिवशी भागीला उशीर झाला, तर हीच माउली अंगणातून विचारते, "त्याचे ते बारीक आले का गं अजून?"

दोन महिन्यांनी खुर्शेदबाई नवे डोळे घेऊन आल्या. ड्यूक इतका गुबगुबीत झाला होता की आधी त्यांनी डोळे चोळले. येताना मुंबईहून बिस्किटांचा नवा डबा आणला होता. ड्यूकने हुंगून तोंड फिरवलं. बाईंनी भागीला जवळ बोलावून तिचे दोन्ही हात धरले आणि कितीतरी वेळ सोडले नाहीत. मग सगळी हकीकत ऐकून इतक्या हसल्या, की त्यांच्या डोळ्यांना डॉक्टरने घातलेल्या टाक्यांची मला काळजी वाटली.

खरं सांगतो, त्या दिवसाची लाज मला कधी वाटली नाही. भरल्या खळ्यावरची मळणी टाकून वीस माणसं माझ्यासाठी धावली होती. एवढ्या प्रेमाने बांधलेला मास्तर साऱ्या कुलाबा जिल्ह्यात दुसरा नसेल.

आणि शाळेचाही फायदा झाला. पुढच्या तपासणीला डिपुटीसाहेब आले, तेव्हा वर्गात एक पोर गैरहजर नव्हतं, एकाचाही पाढा चुकला नाही, आणि मी नुसता घसा खाकरला तरी सगळी पोरं हाताची घडी घालून भिंतीला टेकत होती. साहेबांनी खूश होऊन शेरा लिहिला: 'शिस्त उत्तम.' मी मान लववून आभार मानले. घरोघरच्या आयांनी पोरांना 'मास्तर चावतो' म्हणून बजावून ठेवलंय, हे मी साहेबांना सांगितलं नाही.