दोन पासपोर्टवाल्या नातीची चौकशी

तुमसरला आमच्या शेजारी राहणाऱ्या काकांनी जन्मभर राइस मिलमध्ये तांदूळ पारखला. अजूनही दाणा दाताखाली फोडल्याशिवाय ते कशावर विश्वास ठेवत नाहीत. बोलतानाही मध्येच थांबतात, जणू आपलं उत्तर चावून पाहताहेत.

त्यांची नात कॅनडाची आणि ब्रिटनचीही नागरिक. तिनं थायलंडच्या मुलाशी लग्न ठरवलं. तिथला कायदा मी त्यांना मोबाइलवर वाचून दाखवला. दोनपैकी एकच पासपोर्ट धरायचा, त्याच देशाच्या दूतावासात आपण अविवाहित असल्याचं शपथेवर सांगायचं, मग लग्नाची नोंदणी.

"पोरगी सोताच सांगन, माहं लगन नाई झालं म्हून?" काका थांबले. "अन् ते मानतेत? मोहल्ल्यात कोनाले इचारत नाई का?"

आमच्याकडे सोयरीक जुळण्याआधी मुलाकडचं कुणीतरी शेजारीपाजारी हळूच चौकशी करून जातं. काका त्याच माणसाची वाट पाहत होते. कुणी येईना, तेव्हा भेटीला आलेल्या त्या मुलालाच नातीसकट घेऊन ते माझ्या दारात उभे राहिले.

"सांग याले, आमची पोरगी कशी हाय."

मी तिला जेमतेम दोनदा पाहिलेलं. "चांगली हाय," म्हणालो. नातीनं लाजत त्याला ते इंग्रजीत सांगितलं. त्यानं हात जोडले आणि नातीकरवी विचारलं, "आणि मी कसा आहे, ते इथं कोण सांगणार?"

काकांनी त्याला तांदळाच्या दाण्यासारखं निरखलं. मग नातीला म्हणाले, "याले म्हन, राय आठ दिवस आपल्या घरी. मंग मी सांगतो."