विहिरीतून वर येताना

तळवड्यात ज्याला पोहता येतं, त्याला ते माझ्या मामेसासऱ्यांनी शिकवलेलं असतं. नाही म्हणणारा खोटं बोलतो. निम्म्या गावाच्या पाठीला वाळका भोपळा बांधून त्यांनी विहिरीत ढकललं होतं. भोपळा एकच, शिव्या मात्र प्रत्येकाला वेगळ्या. पाण्याबाहेर या माणसाला चैन नसे. एका लग्नात भर पंगतीतून उठून ते पोहून आले आणि ओल्या धोतरानिशी पुन्हा त्याच पानावर बसले.

साठी उलटली आणि गुडघ्यांनी दगा दिला. वैद्य म्हणाले, पोहत जा, गुडघे मोकळे होतील. पण विहिरीत उडी मारायला गुडघे लागत नाहीत, वर यायला लागतात. भिंतीतून बाहेर आलेले वीतभर दगड, त्यांवर शेवाळ, शेवटची पायरी कमरेइतकी उंच. कानात पाणी गेलं की दोन दिवस ठणका, म्हणून तेलात भिजवलेला कापूस. कापूस घातला की मामींच्या हाका ऐकू येत नाहीत, म्हणून मामींचा संताप. एकदा ते त्या शेवटच्या पायरीखाली तासभर अडकून बसले. काढायला चौघे धावले, चौघेही त्यांचेच शिष्य. कोणी हसलं नाही, आणि तेच त्यांना जास्त लागलं. त्यानंतर ते विहिरीकडे फिरकेनासे झाले.

मी तेव्हा पिंपरीच्या नव्या कारखान्यात कारकून होतो. एका रविवारी सायकल मारत तळवड्याला गेलो, तर मामा चारचौघांत मोठ्याने म्हणाले, "जावईबापू, तुमाला पवता येत न्हाई म्हणं? चला, आमी हाय की!"

मी वाईचा. भर पुरात कृष्णा ओलांडलेला. पण त्यांचे डोळे पाहिले आणि म्हणालो, "नाही येत."

मग तीन वर्षं दर रविवारी मी भोपळा बांधून हातपाय झाडत राहिलो आणि मामा सुखाने पोहत राहिले. जावयाला शिव्या देता येत नाहीत, म्हणून त्या भोपळ्याला देत. निघताना मी खालून खांदा द्यायचा, त्यावर पाय ठेवून ते वर चढायचे आणि काठावरून सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडायचे, "अजून भ्येताय व्हय?" त्या खांद्याबद्दल आम्ही एकमेकांशी कधी चकार शब्द काढला नाही.

मामा गेले. दहाव्याला सगळे इंद्रायणीत आंघोळीला उतरू लागले, तेव्हा त्यांचा थोरला मुलगा तोच भोपळा घेऊन माझ्यापाशी आला.

"दाजी, आबा सांगून गेल्यात. तुमाला येकटं पाण्यात सोडायचं न्हाई."

सारं गाव बघत होतं. मी त्याच्याकडे पाठ केली आणि म्हणालो, "घट्ट बांध."