सही तेवढी राहिली

"ताट ज्याचं त्यानं." शाळेच्या नळापाशी उभं राहून बाई रोज एवढंच म्हणायच्या. पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमची वाडी. तिथल्या शाळेत बाई शिकवायच्या, मी पोरांचा भात शिजवायचे. मुली आपलं ताट घासून भावाचंही ओढून घ्यायच्या. बाई ते काढून भावाच्या हातात द्यायच्या.

बाईंची पाठ वळली की पोरांची ताटं मी घासायचे. माझ्या नातवाचं आधी. एकदा सापडले.

"आजी, हे काय?"

"पोरगा हाय वो बाई. त्याला काय घासायला लावता?"

"ताटाचं राहू द्या. हातात घेतलेलं काम पुरं करायला तो शिकणार कधी?"

मी हसण्यावारी नेलं.

तुमच्याही घरात बघा. नातीला मी पाणी, शेण, भाकरी सगळं लावलं. दिवेलागणीनंतर उंबऱ्याबाहेर सोडलं नाही. मग ती पुस्तक घेऊन बसायची. नापास झालीस तर लग्न लावीन, हा धाकही होता. नातवाला धाक कसलाच नव्हता. तो कुठे असतो हे मी विचारलंही नाही. नात आज महाडला नर्सिंग शिकते. नातू नववीतून उठला, बिरवाडीच्या कारखान्यात पॅकिंगला लागला आणि दीड महिन्यात तेही सोडून आला.

बाईंनी त्याला सोडलं नाही. बाहेरून दहावी दे, म्हणाल्या. सतरा नंबरचा फॉर्म स्वतः भरला. त्याची सही तेवढी राहिली. त्यासाठी तीनदा वाडी चढून आल्या. ओट्यावर टेकून विचारायच्या, "आहेत का साहेब?" साहेब कधीच नसायचे.

शेवटच्या तारखेला आल्या, तेव्हा साहेब माळ्यावर मोबाईल घेऊन पडले होते. वरूनच नातू म्हणाला, "नाय म्हणून सांग गो."

मी सांगितलं, "वीर गावाला गेलाय."

तेवढ्यात माळ्यावर मोबाईलमधलं कोणीतरी खदखदून हसलं. बाईंनी वर पाहिलं, मग माझ्याकडे.

"आजी, नातीसाठी बोलला असतात असं खोटं?"

त्यांनी फॉर्म पिशवीत घातला आणि उठल्या.

त्याच वर्षी त्या निवृत्त झाल्या. पुन्हा वाडीला आल्या नाहीत. नातू अजून माळ्यावरच असतो.

फॉर्म परत घेऊन गेल्या, त्या दिवशी मी ओट्यावरून बघत होते. बाईंचे गुडघे गेलेले. आडवी पावलं टाकत, झुडपं धरत त्या उतरत होत्या. हात द्यायला घरात धडधाकट पोरगा होता. मी त्याला हाक मारली नाही.