वन्संचे वाकडे टाके

माझ्या थोरल्या नणंदेच्या घरात डोळे नसलेली एकही वस्तू नाही. मी वाढवून सांगत नाही. गॅसच्या सिलिंडरला निळ्या फेल्टचं झबलं आहे आणि त्या झबल्याला दोन टपोरे डोळे आहेत. टीव्हीचा रिमोट हिरव्या सुसरीच्या पोटात राहतो, चष्मा घुबडाच्या पोटात, आणि किल्ल्या ज्या माशाच्या शेपटीला लटकतात तो मासा दारातून आत येणाऱ्याकडे असा बघतो, की आपण आगंतुक आलो की काय असं वाटावं. मागे वन्संच्या बाथरूममधला नळ गळत होता, तेव्हा आलेला प्लंबर काम करता करता सारखा मागे वळून बघत होता. शेवटी म्हणाला, "मॅडम, ती वॉशिंग मशीनवरची मांजर जरा तिकडे फिरवता का? कोणीतरी वॉच ठेवतंय असं वाटतं." वन्संनी मांजर फिरवली नाही. "बघू दे की," त्या म्हणाल्या, "तिलाही कळू दे नळ कसा दुरुस्त करतात ते." तो नळ त्यानंतर पुन्हा गळला नाही, हेही खरं.

डोंबिवलीत आमची आणि त्यांची इमारत एकच. आम्ही पहिल्या मजल्यावर, वन्सं दुसऱ्या. त्यांनी लग्न केलं नाही. ठाण्याच्या एका सरकारी कचेरीत फायलींना टाचण्या टोचण्यात त्यांची उमर गेली, आणि निवृत्त झाल्यावर त्याच बोटांनी त्यांनी सुई धरली. लोक निवृत्त झाले की तीर्थयात्रा काढतात, यांनी इमारतीतली पोरं गोळा केली. रविवारी सकाळी बाहेरच्या खोलीत चटई अंथरायची, दार सताड उघडून ते आपटू नये म्हणून खाली चप्पल सरकवायची, आणि नीट बोलता यायला लागलेलं जे मूल उंबरा ओलांडून आत येईल त्याच्या हातात सुई द्यायची, असा त्यांचा क्लास. नणंद म्हटलं की सुनेच्या पोटात गोळा यावा अशी आपल्याकडची रीत. माझ्या पोटात कधी गोळा आला नाही. फक्त घरातल्या उशांमधला कापूस कमी होत गेला.

त्याचं असं, की खेळण्यांच्या पोटात भरायला बाजारात तयार फायबर मिळतं, पण ते वन्संना परकं वाटतं. पोटात घरचंच गेलं पाहिजे, हे त्यांचं ठाम मत. त्यामुळे आमच्या जुन्या उशा, माझ्या परकरांच्या चिंध्या आणि यांचे बनियन असा सगळा ऐवज वरच्या मजल्यावर निरनिराळ्या प्राण्यांच्या पोटात विसावला आहे. एकदा आमचे हे आंघोळ करून, टॉवेल गुंडाळून घरभर बनियन शोधत होते. माझं पलंगाखाली बघून झालं, दोरीवर बघून झालं. तेवढ्यात समोरच्या ब्लॉकमधली चिमुरडी नुकताच शिवलेला जिराफ दाखवायला दारात आली. जिराफाची मान अंमळ जास्तच लांब होती आणि शिवणीतून बनियनचं लेबल बाहेर डोकावत होतं. "ताई!" हे टॉवेलवरच जिन्यात जाऊन ओरडले, "अगं, तो बनियन चांगला होता!" वरून लगेच उत्तर आलं, "म्हणून तर मान ताठ राहिली!"

मला स्वतःला शिवणातलं ओ की ठो कळत नाही. पण फेल्टबद्दल इतकं ऐकलं आहे की त्यावर मी भाषण देऊ शकेन. हे जाडसर, दाबून केलेलं कापड. ते कुठूनही कापलं तरी कडेचे धागे सुटत नाहीत, त्यामुळे दुमडून शिवायची भानगड नाही. लहान हातांना याच्याइतकं सोयीचं दुसरं कापड नाही. वन्संनी मात्र त्यातून तत्त्वज्ञानही काढलं आहे. सोसायटीच्या सभेत पार्किंगवरून हमरीतुमरी चालली होती, तेव्हा त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माणसाचा स्वभाव फेल्टसारखा असावा. कुठूनही कातरा, धागे निघता कामा नयेत." सगळे एकदम गप्प झाले, कारण ते कोणालाच कळलं नाही. सभा तिथेच संपली.

हे फेल्ट आणायला कल्याणलाच जायचं. डोंबिवलीत मिळतं, पण इथला दुकानदार कापड गालाला लावून बघू देत नाही. कल्याणच्या दुकानदाराने प्रतिकार केव्हाच सोडला आहे. वन्सं एकेका रंगाला गाल टेकवत दुकानभर फिरतात आणि तो शांतपणे दुसऱ्या गिऱ्हाईकांना लेस दाखवत राहतो. एकदा त्या मला सोबत घेऊन गेल्या.

"हे लाव गालाला," त्यांनी एक पिवळा तुकडा पुढे केला. मी लावला.

"कसं वाटतं?"

"मऊ."

"मऊ काय, डोंबल! टोचतंय ते. मुलं कापड आधी गालाला लावतात, मग हातात घेतात. आपल्याला कळत नाही म्हणून त्यांनाही कळत नाही असं नसतं."

त्या दुसऱ्या कपाटाकडे वळल्यावर दुकानदार खालच्या आवाजात मला म्हणाला, "वहिनी, तुमचं बरोबर आहे. मऊच आहे ते. पण तुम्ही काही बोलू नका."

शिकवायची त्यांची पद्धतही जगावेगळी. सुरुवातीला सुई नाहीच. पुठ्ठ्याला भोकं पाडून त्यातून बुटाची नाडी ओवायची. ते जमलं की बोथट टोकाची प्लॅस्टिकची सुई आणि लोकर. "सुई म्हणजे पाणकोंबडी," वन्सं सांगतात, "बुडी मारते, वर येते, बुडी मारते, वर येते. बुडाली ती वर आली पाहिजे, एवढंच बघायचं." सगळ्यांनी पहिल्यांदा मासा करायचा. कोणाला हत्ती हवा असो, विमान हवं असो, आधी मासा. दोन तुकडे, एक शेपटी, पोटात आमची उशी. आणि प्रत्येक मूल पहिला मासा न चुकता आपल्या फ्रॉकला नाही तर चड्डीला शिवून ठेवतं, कारण कापड मांडीवर ठेवून सुई खाली घातली की ती खालच्या कापडातूनही जाते, हे त्या वयात कळत नाही. दुसरी कोणी बाई टाके काढून देईल. वन्सं देत नाहीत. मुलाने घातलेला टाका उसवायचा नाही, हा त्यांच्या चटईवरचा एकमेव कायदा. मूल माशासकट घरी जातं.

एक आई एकदा तणतणत वर आली. "अहो काकू, हा फ्रॉक अगदी नवीन होता हो!"

"आता आणखी नवीन झाला," वन्सं म्हणाल्या. "आधी त्यावर मासा कुठे होता?"

एका हत्तीला सोंड मागच्या बाजूला शिवली गेली. ती तशीच राहिली. "मागे काय चाललंय तेही त्याला कळायला हवं," असा निवाडा झाला. कोणाच्या तरी वडिलांनी मोठ्या हौसेने ऑनलाइन किट मागवून दिलं. त्यात सगळे तुकडे कापलेले, टाक्यांची भोकंसुद्धा मशीनने एका ओळीत पाडलेली. वन्संनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि परत केलं. "भोकं आधीच पाडलीत? मग मुलाने काय फक्त हजेरी लावायची?" त्यांच्या चटईवरून बाहेर पडलेल्या माशा-सशांमध्ये एकही टाका सरळ नसतो, हे सगळ्या इमारतीला ठाऊक आहे. त्यांचा स्वतःचा हात मशीनसारखा चालतो, पण मुलांना "जरा सरळ घाल" असं म्हणताना मी त्यांना कधी ऐकलं नाही. मला हा आधी आळस वाटायचा, मग लाड वाटायला लागले.

पण मुलं टिकत नाहीत. ती वाढतात, दुसरं काय! कोणी अबॅकसला जातं, कोणी कीबोर्डला, कोणी फुटबॉलला. सांगून कोणीच जात नाही. एका रविवारी येतं, पुढच्या रविवारी येत नाही, आणि मग जिन्यात वन्सं समोर आल्या की उगाचच बुटाची नाडी बांधायला खाली वाकतं. पूर्वी एक गेलं की दुसरं यायचं. हल्ली आमच्या जुन्या इमारतीत नवी जोडपी राहत नाहीत, ती ठाण्याला टॉवरमध्ये घर घेतात. माझा मुलगाच बघा ना, वागळे इस्टेटला ऑफिस म्हणून माजिवड्याला राहायला गेला. रविवारी सकाळी तो सईला, म्हणजे माझ्या नातीला, आमच्याकडे आणून सोडायचा. ती खाली पोहे खायची आणि वर आत्याआजीकडे धूम ठोकायची. गेलं वर्षभर त्या चटईवर ती एकटीच उरली होती. सई यायची म्हणून वन्संना रविवार होता. खरं सांगायचं तर आम्हालाही.

परवाच्या उन्हाळ्यात एका रविवारी, वरून खाली आल्यावर सई माझ्याजवळ येऊन उभी राहिली. तिला काहीतरी बोलायचं होतं आणि ती फ्रिजवरचं मॅग्नेट वर-खाली सरकवत होती.

"आजी, तू आत्याआजीला सांगशील? नेक्स्ट संडेपासून माझी स्केटिंगची बॅच संडेलाही आहे. सकाळचीच आहे."

"मग दुपारी ये."

"दुपारी होमवर्क असतो ना. आणि आजी... ते फिश-बिश आता मला बेबी लोकांचं वाटतं गं." मग लगेच तिने माझा हात धरला. "पण असं नको सांगू हां! तिला वाईट वाटेल. तू नीट सांग."

नीट सांग म्हणे! दुसऱ्या दिवशी दुपारी मी वर गेले. दूधवाल्यापासून सुरुवात केली. पाण्याच्या वेळा झाल्या, तळमजल्यावरच्यांच्या लेकीचं लग्न झालं, माझा गुडघा झाला. वन्सं फेल्टच्या चिंध्या रंगवार लावत सगळं ऐकून घेत होत्या. गुडघा संपल्यावर त्या मान वर न करता म्हणाल्या, "सई येणार नाही ना आता?"

मी चमकले. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

त्यांनी टोपलीतून एक पोपट काढून माझ्या हातात दिला. सईने आदल्या दिवशी पुरा केलेला. हिरवागार, लाल चोचीचा. त्याच्या कडेचे टाके बघितले तर सगळे एकसारखे, मुंग्यांच्या रांगेसारखे एकामागे एक.

"छान आहे की हो."

"छानच आहे. म्हणून तर." त्यांनी पोपट परत घेतला. "इतकी मुलं बघितली ना मी. टाके सरळ यायला लागले की मूल निघालं म्हणून समजावं. कधी चुकत नाही. सईचे दिवाळीपासूनच यायला लागले होते. मी मुद्दाम जाड लोकर देऊन बघितली, तरी सरळच."

मी पोपटाचे टाके पुन्हा बघितले.

"म्हणून मी कोणाला सरळ घाल म्हणत नाही गं," त्या म्हणाल्या. "शिकवायला बसायचं आणि मनातून वाटायचं, इतक्यात शिकू नये. असली मास्तरीण कुठे बघितलीस का?" आणि त्या हसल्या. हसता हसता चष्मा काढून पदराने पुसायला लागल्या आणि बराच वेळ पुसत राहिल्या. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासून मी या बाईला चेष्टा करताना पाहिलं, वाद घालताना पाहिलं, यांच्या बनियनावर डल्ला मारताना पाहिलं. अशी कधी पाहिली नव्हती.

"कुठे जाणार आहे?" त्यांनी चष्मा लावत विचारलं.

"स्केटिंगला."

"पडते का?"

"सारखी. गुडघे फोडून घेतलेत."

"मग बरं आहे," वन्सं म्हणाल्या. "तिथे अजून वेडीवाकडीच आहे म्हणजे."

पुढच्या रविवारी वरचं दार उघडल्याचा आवाज आला. चप्पल सरकवल्याचा आला. चटई झटकल्याचाही आला. मी खाली पोहे केले, ते सवयीने जास्त झाले. हे पेपर घेऊन बसले होते, पण बराच वेळ पान उलटलं नव्हतं. "ताई एकटीच असेल ना वर," ते पेपरमागून म्हणाले. मी बशीत पोहे घातले, वर झाकण ठेवलं आणि जिना चढले.

वन्सं चटईवर बसल्या होत्या. समोर कोणी नव्हतं, सुया मात्र लोकर ओवून तयार होत्या. मला बघून उठायला लागल्या. "ये. ठेव बशी तिथे. चहा टाकते."

"चहा नको. सुई द्या."

"कशाला?"

"मासा करते."

"तू?" त्यांनी असं काही विचारलं, जणू मी रॉकेट उडवायला निघाले आहे. त्यांचंही चुकलं नाही म्हणा. आमच्या घरात शर्टाची बटणंसुद्धा हेच लावतात.

मी गुडघा सांभाळत चटईवर बसले, त्या कार्यक्रमाला थोडा वेळ लागला. लाल फेल्टचे दोन तुकडे एकमेकांवर ठेवले. सुईने बुडी मारली, वर आली, पुन्हा बुडी मारली आणि भलत्याच ठिकाणी वर आली. वन्संनी दुसरा एक तुकडा घेतला आणि माझ्या शेजारी बसून माझ्या माशासाठी डोळे कापायला लागल्या. शेपटीपर्यंत पोचेस्तोवर माझे टाके एकदा कल्याणच्या दिशेने गेले होते आणि एकदा ठाण्याच्या.

वन्संनी मासा हातात घेऊन उलटा केला, सुलटा केला.

"उसवू का?" मी विचारलं.

"खबरदार!" त्या म्हणाल्या. मग त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि थोडा वेळ तो तिथेच राहू दिला.

मी त्यांच्यासाठी मुद्दाम वाकडे टाके घातले, असं त्यांना वाटलं असावं. तसं काही नव्हतं. मी अजूनही दर रविवारी वर जाऊन बसते आणि मला खरंच येत नाही. आता येऊही नये असं वाटतं.