चार बाटल्या

मार्चमधल्या एका बुधवारी दुपारी दीड वाजता मी कार्यालयातल्या एका सहकारी मुलीची नक्कल केली. तिने माझे काही बिघडवले नव्हते.

आम्ही चौघी तेव्हा एकत्र डबा खात असू. जेवणाआधी चौघींच्या बाटल्या घेऊन खालच्या मजल्यावर पाणी भरायला जाणे हे माझे काम. ते कुणी ठरवले नव्हते. तिघी आधी सुनांवर बोलत, मग माझ्यावर येत. "आज पन बेसनच? काहून वं, तुह्या नंदनवन कॉलनीत भाजीवाले येत नाही का?" मीही हसे. त्यांच्यात मला अवघड वाटत नसे. माझ्याबद्दल त्यांचे जे मत होते, तेच माझेही होते.

ती मुलगी नरखेडकडून बदलून आली होती. शहराच्या टोकाला, बेसाला भाड्याने राहायची. आल्याच्या आठवड्यात तिने जिन्यात माझ्या हातातल्या दोन बाटल्या घेतल्या. "ताई, रोज तुम्ही एकट्याच काहून नेता?" मी म्हटले, सवय आहे. दुसऱ्या दिवसापासून मी दहा मिनिटे आधी खाली जाऊ लागले.

मग एकदा तिने माझ्या डब्यातला गोळाभात चाखला. "माह्या बाबाले लय आवडते. मले शिकवता का? रविवारी येतो मी तुमच्या घरी." मी हो म्हटले. माझ्या घरी रविवारी कुणी मुद्दाम येईल, हे मला पटेना. हिला काहीतरी काम काढून घ्यायचे असेल, असे मी धरले.

त्या बुधवारी मी तिघींना ते तिच्याच आवाजात सांगितले. "मले शिकवता का!" तिघी खूप हसल्या. एक म्हणाली, "गुरुजी झाली वं तू! पाणी भरणं पन शिकव तिले."

ती डबा घेऊन तिघींच्या मागे उभी होती. मी बोलायला लागण्याआधीच ती मला दिसली होती.

"बरं ताई," एवढेच ती म्हणाली आणि खिडकीजवळच्या टेबलापाशी जाऊन बसली.

रविवारी मी तांदूळ धुतले, गोळ्यांचे बेसन भिजवून ठेवले. ती आली नाही. मी फोन केला नाही.

दोन वर्षांनी तिची बदली झाली. तोवर ती खिडकीजवळच जेवत होती. निरोपाच्या दिवशी तिने सगळ्यांना संत्रा बर्फी वाटली. मलाही दिली.

दुसऱ्या दिवशी जेवणाआधी तिघींनी बाटल्या माझ्या टेबलावर आणून ठेवल्या. मी त्यांच्यासोबत माझी घेतली आणि खाली गेले.